कराडच्या मे महिन्यात शंभरातले किती घोडे उरतात? किट विमानासाठी टर्बो की साधं इंजिन

विमानाचं किट, म्हणजे स्वतः जोडायचे सुटे भाग, मागवताना बहुतेकांची गाडी इंजिनापाशी अडते. सांगाड्याचा कारखाना दोन-तीन इंजिनांची नावं देतो, त्यांत एक टर्बोचं असतं, आणि ते डोक्यात बसतं. आपल्याकडे उन्हाळा कडक आणि पश्चिमेला सह्याद्री उभा, तेव्हा टर्बोच हवं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण कराड किंवा सांगलीहून उडणाऱ्या बहुतेक दोन आसनी विमानांना शंभर अश्वशक्तीचं साधं इंजिन पुरतं. पंखा, वजन आणि उड्डाणाची वेळ मात्र नीट सांभाळावी लागते. टर्बो कुणाला खरोखर लागतं हे कागदावरच्या हिशेबातून कळतं. तो हिशेब पुढे क्रमाने मांडला आहे. उदाहरणांसाठी रोटॅक्स या कंपनीचीच इंजिनं घेतली आहेत, कारण या वर्गातल्या किट विमानांवर तीच सर्वाधिक दिसतात.

आधी इंजिनं ओळखून घ्या

९१२ यूएलएस हे साधं, दोन कार्बोरेटरचं इंजिन. १३५२ सीसी, मिनिटाला ५८०० फेऱ्यांना १०० अश्वशक्ती. ९१४ हे टर्बोचं. १२११ सीसी, टेकऑफला ११५ अश्वशक्ती, पण फक्त पाच मिनिटं. त्यानंतर ५५०० फेऱ्यांवर १०० अश्वशक्ती सलग मिळते. ९१५ आयएस हे इंधन-इंजेक्शन, टर्बो आणि इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) असलेलं. टेकऑफला १४१, सलग १३५, आणि टेकऑफची पूर्ण ताकद १५,००० फुटांपर्यंत टिकते. ते मुळात जास्त वजनाच्या आणि जास्त वेगाच्या सांगाड्यांसाठी आहे. ६०० किलोच्या विमानात बसवायची इच्छा झाली तर आधी किटच्या कारखान्याकडून लेखी होकार घ्या.

टर्बोमागचं तत्त्व सोपं आहे. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरतं, ते दुसऱ्या बाजूचं चक्र फिरवतं आणि हवा दाबून इंजिनात भरतं. विरळ हवेतही सिलिंडरला भरपूर हवा मिळते. मात्र पंखा आणि विमानाचे पंख त्याच विरळ हवेत काम करत असतात, त्यांना टर्बोचा काहीच उपयोग नाही. ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून आधीच सांगितली.

पहिली पायरी: घनता-उंची काढा

घनता-उंची म्हणजे हवा जितकी विरळ आहे त्यानुसार विमानाला जाणवणारी उंची. हवा तापली की ती वाढते. कराडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण १९०० फुटांवर आहे. सांगलीचा सपाट भागही जवळपास त्याच उंचीचा, १८०० फुटांच्या आसपास. सातारा शहर त्याहून वर, सुमारे २४०० फूट.

प्रमाण हवामानात, म्हणजे हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी हवामानात, १९०० फुटांवर तापमान ११ अंश धरतात. मे महिन्यात दुपारी पारा ४० वर गेला की फरक २९ अंशांचा. प्रत्येक अंशाला १२० फूट धरा. २९ गुणिले १२० म्हणजे ३४८०. त्यात १९०० मिळवले की ५३८०. म्हणजे विमानाच्या दृष्टीने कराड त्या दुपारी महाबळेश्वरच्याही वर गेलेलं असतं. उन्हाळ्यात हवेचा दाबही उतरलेला असतो, त्याचे आणखी दीड-दोनशे फूट धरायला हरकत नाही.

तीच धावपट्टी डिसेंबरात सकाळी १२ अंशांना १९०० ते २००० फुटांचीच असते. इंजिन न बदलता, फक्त वेळ बदलून साडेतीन हजार फूट वाचले.

दुसरी पायरी: उरलेली ताकद आणि चढण्याचा वेग

साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के कमी होते. ५४०० फुटांच्या घनता-उंचीला शंभरातले ८४ घोडे उरतात. ही घट मुख्यतः तापमानामुळे असेल तर थोडी सवलत मिळते, कारण गरम हवेने ताकद उंचीइतकी उतरत नाही. म्हणून आपण ८६ धरू.

पण केवळ ताकदीचा आकडा पाहून निर्णय घेऊ नका. विमान वर चढतं ते सरळ उडायला लागणाऱ्या ताकदीच्या वर जे शिल्लक राहतं त्यावर. ६०० किलोचं विमान घ्या. पंख्याची कार्यक्षमता चढताना ६५ टक्के, आणि समुद्रसपाटीला नुसतं सरळ उडायला ३३ अश्वशक्ती लागते असं धरू.

समुद्रसपाटीला १५ अंशांना: १०० चे ६५ कामाला आले, त्यातून ३३ वजा, शिल्लक ३२. ३२ गुणिले ७५ भागिले ६०० म्हणजे सेकंदाला ४ मीटर, मिनिटाला साधारण ७९० फूट.

मे महिन्यातली दुपार: ८६ चे ५६ कामाला आले. विरळ हवेत सरळ उडायलाही जास्त लागतं, ३३ चे ३६ झाले. शिल्लक २०. चढण्याचा वेग सेकंदाला अडीच मीटर, मिनिटाला ४९० फूट. ताकद १४ टक्क्यांनी घटली आणि चढ ३७ टक्क्यांनी घटला. उन्हाळ्यात विमान 'जड' वाटतं ते यामुळे.

आता ९१४ घ्या. वजन २० किलोने वाढलं, म्हणजे ६२०. पहिली पाच मिनिटं ११५ अश्वशक्तीवर चढ मिनिटाला ८८० फुटांच्या आसपास. नंतर १०० वर ६५० फूट. हा फायदा खरा आहे आणि लहान धावपट्टीवर तो जीव वाचवू शकतो.

आणखी एक ओळ मांडा. साधंच इंजिन ठेवलं आणि विमान ६० किलोने हलकं केलं. अर्धी टाकी, बॅग नाही, अवजारांची पेटी नाही. ५४० किलोला त्याच दुपारी चढ मिनिटाला ६९० फूट येतो. म्हणजे टर्बोच्या सलग ताकदीपेक्षा जास्त. टाकीतले चाळीस लिटर म्हणजेच जवळपास तीस किलो, हे ध्यानात ठेवा. तुमच्या विमानाचे खरे आकडे घालून हे चार हिशेब वहीत मांडल्याशिवाय इंजिनाची आगाऊ रक्कम भरू नये.

तिसरी पायरी: तुम्ही कुठे उडणार?

कराड-सांगली-मिरज-कोल्हापूर या पट्ट्यात ३००० ते ५००० फुटांवर उडायचं असेल, तर टर्बोची उंचावरची क्षमता तुम्ही कधीच वापरणार नाही. दहा हजारांच्या वर ऑक्सिजनची सोय हवी, आणि किट विमानात ती बहुधा नसते.

घाटमाथा ओलांडून कोकणात नियमित जायचं असेल तर प्रश्न वेगळा. सातारा जिल्ह्यातला माथा ४००० ते ४७०० फुटांपर्यंत जातो. वर दोन हजार फूट मोकळे ठेवायचे म्हणजे ६५०० ते ७००० फूट उंची हवी. दुपारी वारा बहुधा पश्चिमेचा. तो कोकणकड्यावर आपटून वर चढतो आणि आपल्या बाजूला, कोयना आणि कासच्या पूर्वेला, खाली कोसळतो. म्हणजे कराडहून पश्चिमेला जाताना तुम्ही नेमके खाली जाणाऱ्या हवेत असता. ती हवा मिनिटाला ५०० फुटांनी खाली ढकलत असेल आणि विमान ४९० ने चढत असेल, तर विमान जागेवरच राहतं आणि डोंगर जवळ येतो. अशा उड्डाणांसाठी टर्बो मागणं रास्त आहे. टर्बो असो वा नसो, उंची मैदानावरच घ्या, माथ्याकडे ४५ अंशांच्या कोनात या, म्हणजे वळून परतायला जागा राहते.

कराडची धावपट्टी सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. हलक्या विमानाला ती भरपूर होते. पण शेतातल्या ४०० मीटरच्या पट्टीवरून, दोन माणसं घेऊन, एप्रिलच्या दुपारी उडायचं असेल तर ११५ अश्वशक्तीची पाच मिनिटं कामी येतात.

चौथी पायरी: पेट्रोल. इथे गाडं खरोखर अडतं

ऑक्टेन म्हणजे ठिणगीआधीच न फुटण्याची पेट्रोलची क्षमता. ९१२ यूएलएस आणि ९१४ दोन्हींना किमान ९५ ऑक्टेन लागतं. पंपावरचं पेट्रोल ९१ चं असेल तर ते दोन्हींना चालत नाही. ८० अश्वशक्तीच्या ९१२ यूएलला ९० चालतं, पण पुढची अडचण त्यालाही आहे.

ती अडचण म्हणजे इथेनॉल. रोटॅक्सची मर्यादा दहा टक्क्यांची आहे आणि पंपावरचं पेट्रोल आता वीस टक्क्यांचं. आपल्याच कारखान्यांच्या उसाचं इथेनॉल त्यात आहे, शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलंच. विमानाच्या टाकीत मात्र ते पाणी ओढतं, रबरी नळ्या फुगवतं, काही फायबरच्या टाक्यांचं रेझिन मऊ करतं आणि उन्हात लवकर वाफ होऊन नळीत अडतं. महागडं ९५ किंवा १०० ऑक्टेनचं पेट्रोल घेतलं म्हणजे इथेनॉल नाही असं धरू नका, दर वेळी तपासा.

तपासणी अशी करा. शंभर मिलीची खुणा असलेली काचेची नळी घ्या. दहाच्या खुणेपर्यंत पाणी भरा. वर शंभरच्या खुणेपर्यंत पेट्रोल. बूच लावून एक मिनिट हलवा, मग सपाट जागी दहा मिनिटं ठेवा. खालचा थर दहावरच राहिला तर इथेनॉल नाही. तो १९ वर गेला तर दहा टक्के. २८ वर गेला तर वीस टक्के. पाण्यात चिमूटभर खाण्याचा रंग घातला तर थराची रेघ स्पष्ट दिसते. प्रत्येक कॅनमधून नमुना घ्या, कारण पंपावरची टाकी आठवड्यात बदलते.

विमानाचं पेट्रोल, म्हणजे १०० एलएल, इंडियन ऑइलने २०२२ पासून वडोदऱ्याला तयार करायला सुरुवात केली. ते दोन्ही इंजिनांना चालतं, पण त्यात शिसं असतं. वापर तीस टक्क्यांहून जास्त झाला तर ऑइल शंभर नव्हे, पन्नास तासांनी बदलायचं, पंचवीसने बदललं तर उत्तम. गिअरबॉक्सची तपासणीही लवकर येते.

टर्बो आणि कमी ऑक्टेन ही जोडी सगळ्यात धोकादायक. दाबलेली हवा आधीच गरम असते. पेट्रोल कमी ऑक्टेनचं असेल तर ते ठिणगीची वाट न पाहता फुटतं. साध्या इंजिनात चुकीचं पेट्रोल गेलं तर बऱ्याचदा सावरायला थोडा वेळ मिळतो. टर्बोवर पूर्ण बूस्टमध्ये, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेच्या पूर्ण दाबाला, पिस्टनचा माथा वितळायला फार वेळ लागत नाही. चांगल्या पेट्रोलचा कायमचा बंदोबस्त नसेल, तर टर्बोचा विचार तिथेच थांबवा.

खर्चाचा अंदाज: ७५ टक्के ताकदीला ९१२ यूएलएस तासाला साधारण साडेअठरा लिटर पितं, ९१४ साधारण साडेवीस. टेकऑफला ९१४ चा आकडा ३३ लिटरपर्यंत जातो.

पाचवी पायरी: नाकावरचं वजन

टर्बो, त्याचा एक्झॉस्ट, वेस्टगेटची (टर्बोकडे जाणारा धूर कमी-जास्त करणाऱ्या झडपेची) मोटर, जादा ऑइल पंप, मोठा रेडिएटर, उष्णतेचे पत्रे हे सगळं धरून ९१४ बसवल्यावर १५ ते २० किलो वाढतात. ९१५ ला तीस किलोच्या आसपास. हे वजन नाकावर येतं.

रिकामं विमान ३१० किलो, गुरुत्वमध्य (वजनाचा तोल साधतो तो बिंदू) मोजणीच्या रेषेपासून १.८० मीटर मागे. नाकाजवळ, ०.४० मीटरवर, १६ किलो वाढवले. नवा मध्य: ३१० गुणिले १.८० अधिक १६ गुणिले ०.४०, भागिले ३२६. उत्तर १.७३. सात सेंटिमीटर पुढे सरकला. उतरताना दांडा पोटाला लागेपर्यंत ओढूनही नाक उचलत नाही, ते अशा विमानात. सात किलोची बॅटरी फायरवॉलजवळून (इंजिनामागच्या अग्निरोधक भिंतीजवळून) तीन मीटर मागे नेली तर जवळपास सगळं भरून निघतं, पण जाड तांब्याची केबल वाढते, तिचंही वजन धरा. हे आकडे उदाहरणाचे आहेत. आपलं विमान तीन वजनकाट्यांवर ठेवूनच मोजा.

सहावी पायरी: पंखा

जमिनीवर कोन बदलता येणारा स्थिर पंखा साध्या इंजिनाला छान जमतो. सरळ उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला ५५०० ते ५६०० फेऱ्या येतील असा कोन लावा. पूर्ण थ्रॉटलला ५२०० च्या खाली सतत चालवणं यूएलएसला मानवत नाही, गिअरबॉक्स आणि क्रँकवर ताण येतो. उन्हाळ्यासाठी अर्धा अंश कोन कमी केला तर चढ सुधारतो. वेग थोडा जातो, तो जाऊ द्या.

टर्बोला स्थिर पंखा लावणं म्हणजे पैसे वाया. हवा विरळ होते तशी पंख्यावरची ओढ कमी होते, पण ताकद तशीच राहते, त्यामुळे फेऱ्या ५८०० च्या पुढे पळतात आणि थ्रॉटल मागे घ्यावा लागतो. म्हणजे टर्बोसोबत उडताना कोन बदलणारा पंखा, त्याचा गव्हर्नर (फेऱ्या स्थिर ठेवणारा भाग), त्याचं वजन आणि त्याची देखभालही घ्यावी लागते.

उंचावर वेगाची मर्यादाही पाहा. मीटरवर १०० नॉट दिसत असले तरी १२,००० फुटांवर खरा वेग १२० नॉट असतो. पंखांची फडफड खऱ्या वेगावर अवलंबून असते. किटच्या पुस्तकात कमाल वेग कोणत्या अर्थाने दिला आहे ते कारखान्याला विचारून लिहून घ्या.

टर्बोच घ्यायचं ठरलं तर

९१४ ला यांत्रिक पेट्रोल पंप नाही. दोन विजेचे पंप लागतात, दोघांना वेगवेगळी वायर आणि वेगवेगळा फ्यूज, टाकीकडे परतीची नळी. वीज गेली की बॅटरी टिकेल तितकंच इंजिन चालेल. साध्या ९१२ यूएलएसला स्वतःचा पंप आणि स्वतःचं इग्निशन असतं, बॅटरी मेली तरी ते चालत राहतं. आमच्या मते साध्या इंजिनाची सगळ्यात मोठी बाजू हीच आहे.

कार्बोरेटरच्या वाट्यांना एअरबॉक्समधून, म्हणजे दाबलेली हवा येते त्या डब्यातून, दाब नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांतली एक निसटली तर बूस्टमध्ये मिश्रण पातळ होतं आणि इंजिन टेकऑफलाच बसतं. कंप्रेसर ते एअरबॉक्सची मोठी नळी निसटली तर उलटं: ताकद जाते, काळा धूर येतो. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून गळती पाहा, क्लिपा पहिल्या पाच तासांनी पुन्हा आवळा.

टर्बोचं घर पूर्ण ताकदीला लालभडक होतं. चार बोटांच्या आत पेट्रोलची नळी, वायर किंवा फायबर असू नये. शक्य नसेल तर मध्ये स्टीलचा पत्रा आणि नळीवर अग्निरोधक बाही.

पहिल्यांदा चालू करण्याआधी स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवा, ऑइलचा दाब दिसेपर्यंत. कोरडा टर्बो काही सेकंदांत बेअरिंग खातो. ऑइल मोजताना पंखा नेहमीच्याच दिशेने हाताने फिरवा, टाकीत गुडगुड ऐकू आली की मगच कांडी पाहा. उलटा कधीच फिरवू नका.

रोजची तपासणी: मुख्य स्विच टाका आणि ऐका. वेस्टगेटची मोटर गुर्र करून एक पूर्ण फेरा मारते आणि लाल-केशरी दोन्ही दिवे दोन सेकंद लागून विझतात. आवाज अडखळला किंवा दिवा राहिला तर उडायचं नाही, आधी वेस्टगेटची केबल पाहा. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत उसाचं पाचट जळतं, त्याची राख आणि माती केबलच्या बाहीत जाऊन बसते. हवेत लाल दिवा सलग लागला तर दाब मर्यादेबाहेर आहे, लगेच थ्रॉटल मागे. लाल दिवा लुकलुकला तर पाच मिनिटं संपली. केशरी लुकलुकला तर सेन्सर किंवा नियंत्रकात बिघाड.

उतरल्यावर हळू टॅक्सी केलं तर टर्बो बहुधा पुरेसा निवतो. तापलेला असेल तर २००० फेऱ्यांवर दोन मिनिटं चालवून मग बंद करा. तापलेला बंद केला तर बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा होतो.

साध्या ९१२ यूएलएसला टर्बोचं बाहेरचं किट लावण्याचा मोह टाळा. त्याचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) १०.८ आहे, तर ९१४ चं मुद्दाम ९ ठेवलेलं आहे.

साधं इंजिन घेतलं तर हे करा

गाळण्या बॉनेटच्या आत असतील तर इंजिन साठ अंशांची हवा ओढतं. बाहेरची चाळीसची हवा नळीने आणली तर जवळपास तीन टक्के ताकद परत मिळते, थोड्याशा पत्र्याच्या आणि नळीच्या खर्चात. दोन्ही कार्बोरेटर समान आहेत का ते दाबमापकाने पाहा, आयडलला आणि वरच्या फेऱ्यांनाही. कार्बोरेटरमधले तरंगे (फ्लोट) काढून वजन करा, जोडी सात ग्रॅमपेक्षा जास्त भरली तर ती पेट्रोल प्यायली आहे, बदला. मे महिन्यात उतरून लगेच पुन्हा उडायचं असेल तर बॉनेटची झडप दहा मिनिटं उघडी ठेवा, नळीतली वाफ निघून जाते. उड्डाणाआधी ऑइल ५० अंशांवर आलेलं असावं, आणि उड्डाणात एकदा तरी १०० पर्यंत जावं, म्हणजे त्यातलं पाणी उडतं.

पैसे भरण्याआधीचं शेवटचं काम

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या कागदांवर कोणतं इंजिन आणि कोणता पंखा लिहिला जाणार ते आधी नक्की करा. नंतर बदललं तर कागद पुन्हा, वजन पुन्हा, चाचणी उड्डाणं पुन्हा.

आणि विमान उडू लागल्यावर एक चाचणी थंडीत सकाळी, एक एप्रिलच्या दुपारी करा. दोन्ही वेळी तेच वजन, तोच वेग. ३००० ते ४००० फूट चढायला लागलेले सेकंद स्टॉपवॉचने मोजा. साठ हजार भागिले ते सेकंद म्हणजे मिनिटाला किती फूट. दोन्ही आकडे तापमानासह एका कार्डावर लिहून मीटरच्या फळीवर चिकटवा. आगाशिवच्या डोंगराकडे तोंड करून टेकऑफ घेण्याआधी त्या कार्डाकडे पाहायचं.